पेटीचा खोकला

खैरगावात कुणी गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जात नसे, डोमाजी भोयरांच्या घरी जात असे. नातेवाईक काय, राळेगावहून दुपारच्या एसटीनं येतात, सावकाश रडतात. भजनाला तेवढी सवड नसते. मयत उठेपर्यंत दारात भजन चालू पाहिजे, भजनाला पेटी पाहिजे, आणि पेटी डोमाजींच्या घरात. बाकी कापूस, सोयाबीन, तूर गावात सगळेच पेरत आणि सगळ्यांचं सारखंच कमीजास्त पिकत असे. त्यात डोमाजींना विचारतो कोण? पण पेटीवर बोटं टेकवून ते बसले की एरवी रस्त्यात न ओळखणारी माणसंही सरकून जागा देत. माणसाला आयुष्यात अशी एखादीच जागा मिळते. डोमाजींना ती मिळाली होती, आणि ती कशी गेली त्याचीच ही हकीकत आहे.

पेटी त्यांची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. त्यांचे वडील रामराव भजनी होते. त्यांच्या उमेदीत गावानं घरटी टोपलंभर कापूस काढून दिला, रामरावांनी तो विकला, अमरावतीला जाऊन एका बसलेल्या नाटक कंपनीची पेटी घेतली आणि ती मांडीवर घेऊन बैलगाडीतून गावात आले. झाकणावर पितळी पट्टी ठोकली गेली: ‘समस्त गावकरी मंडळी, खैरगाव.’ पेटीच्या पोटातले सूर, म्हणजे भात्याची हवा लागली की थरथरणाऱ्या त्या पितळेच्या पातळ जिभा, जर्मनीत बनलेल्या होत्या, बोटीनं समुद्र ओलांडून आलेल्या. प्रत्येकीवर बारीक विलायती अक्षरं कोरलेली. डोमाजी लहान असताना रामरावांनी एकदा झाकण उघडून त्यांना ती दाखवली, आणि लगेच बंद करून सांगितलं की पेटीच्या पोटात पुन्हा हात घालायचा नाही. हा नियम गावानं देवळातल्या नियमासारखा पाळला. पेटीला दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं जाई, झाकण तेलानं पुसलं जाई, पण आत काय आहे ते पाहावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या पेटीला एक खोड होती. कोमल निषाद दाबला की सुराच्या शेपटाशी ‘खर्र’ असा बारीक आवाज यायचा. गाव त्याला पेटीचा खोकला म्हणायचं. भजनी मंडळाचे गायक पुंडलिकराव तर तो ऐकल्याशिवाय तोंडच उघडत नसत. “खोकली काय? मंग घ्या आता,” म्हणत आणि गजर सुरू करत. वर्षानुवर्षं हीच थट्टा, आणि दर वेळी लोक हसत. ज्यांच्या बापाच्या मयतीला ती पेटी वाजली होती, त्यांच्याही मयतीला तीच वाजली, तोच खोकला खोकली.

डोमाजींना एकच मुलगी, सुरभी. गावात बायका भजनाला बसत नसत, पण घरात बापाच्या शेजारी बसून ती पेटी शिकली, आणि चांगली शिकली. तिचं लग्न महागावकडच्या शेतकरी घरातल्या कपिलशी झालं. कपिल यवतमाळात राहायचा आणि धंदा करायचा परदेशात पेट्या पाठवण्याचा. ऐकून खैरगावला आधी हसूच आलं. पण तिकडे म्हणे गोरी माणसं योग झाला की मांडी घालून, डोळे मिटून कीर्तन करतात आणि त्यांना पेटी लागते. कपिल खोकी इकडे बनवून घ्यायचा, सूर बाहेरून आणायचा, जुळवायचा आणि विमानानं पाठवायचा. “सरकारी कागदावर पेटी अन् बासरी एकाच खात्यात धरतात, मामाजी,” तो सांगायचा. “दोन्ही हवेवर वाजते ना!” यावर पुंडलिकरावांनी विचारलं होतं, “म्हंजे धंदाही हवेवरच चालून राह्यला म्हना!”

थट्टा थट्टाच होती, पण पुंडलिकरावांच्या तोंडून खरं निघालं. गिऱ्हाईकं माल परत पाठवू लागली. सूर पातळ आहे, आवाजात जीव नाही, आम्हाला जुन्या पेटीसारखा आवाज पाहिजे, अशी तक्रार. धंद्यातला राग घरात निघायला लागला, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत सुरभी बॅग घेऊन माहेरी आली. दिवाळीला आली ती गुढीपाडव्यापर्यंत राहिली. लेक माहेरी बसली की आईबापाला गाव कसं पाहतं, हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच ठाऊक. रुखमाबाई धड जेवत नव्हत्या. डोमाजी पारावर बसायचे बंद झाले. शेवटी दोन्हीकडची चार मोठी माणसं बसली, समजूत घातली आणि सुरभी परत गेली. गेली खरी, पण डोमाजींचा जीव टांगणीला लागलेलाच होता. रोज संध्याकाळी एसटीचा हॉर्न ऐकला की ते दाराकडे पाहत.

त्याच वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे नारायण, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. डोमाजींनी कपिलला पाटावर बसवलं, पाय धुतले, कपडे केले, तेहतीस अनारशांचं ताट हातावर ठेवलं. रुखमाबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले. पंगतीला पुंडलिकराव होते, मंडळाची आणखी चार माणसं होती. जेवण झालं, पेटी निघाली, एक भजन झालं, पेटी सवयीनं खोकली, आणि कपिल म्हणाला, “मामाजी, पेटी थकली आता. माह्याकडे कलकत्त्याचा कारागीर आहे. नेतो, भाता बदलतो, सूर साफ करतो अन् गोकुळाष्टमीच्या आत आणून देतो. एक रुपया घेणार नाई.”

डोमाजी फुलून आले. लेकीला परत नेलेला जावई भर पंगतीत, चार माणसांदेखत सासऱ्याचा मान राखत होता. आणि धोंड्याच्या महिन्यात नारायणानं आपण होऊन काही मागितलं, तर सासऱ्यानं नाही म्हणायचं कसं? त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं.

“माह्याकडं काय पाहून राह्यला?” पुंडलिकराव म्हणाले. “ने म्हना. पण जवाईबापू, एक आयका. पेटी हेच आली पाह्यजे. खोकं बदललं तं गाव आयकनार नाई. त्या पट्टीवर हात ठिऊन सांगा.”

कपिलनं पितळी पट्टीवर हात ठेवला आणि सांगितलं की खोकं हेच येईल. त्यानं दिलेला शब्द अक्षरशः पाळला, हे मान्य केलं पाहिजे. शब्द मागणाऱ्यांनाच काय मागावं ते कळलं नव्हतं, त्याला तो बिचारा काय करणार!

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी पेटी आली. मारुतीच्या देवळात अर्धं गाव जमलं. पट्टी तीच. झाकणावर कापराचा डाग होता, तो तिथंच. डाव्या कोपऱ्यावरचा टवका तोच. पुंडलिकरावांनी खोकं उलटंपालटं करून तपासलं, शेतासाठी घेतलेला नवा बैल तपासावा तसं, आणि पसंतीची मान हलवली. मग डोमाजी बसले. बोटं टेकली, भाता हलला. लखलखीत, चिरका, अंगावर येणारा आवाज निघाला. कोमल निषाद आला आणि सरळ निघून गेला. खर्र नाही, काही नाही.

“खोकला बरा झाला!” कुणीतरी ओरडलं, आणि देवळात हशा पिकला. “जवाई डाक्टर निघाला बाप्पा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. जो आवाज गेल्यावर छातीत धस्स व्हायला हवं होतं, तो गेला म्हणून खैरगावानं पेढे वाटले.

डोमाजी वाजवत राहिले. अष्टमी उरकल्यावर एका दुपारी सगळं गाव निंदणाला गेलं होतं, रुखमाबाईही वावरात होत्या. डोमाजींनी आतून कडी घातली आणि बापाचा नियम मोडून पेटीचे स्क्रू काढले. आत नव्याकोऱ्या, पिवळ्याजर्द जिभा ओळीनं बसवल्या होत्या. एकीवरही अक्षर नव्हतं.

त्यांच्या तोंडून अशी शिवी गेली की स्वतःलाच लाज वाटावी. चोर! घरात घेतला, पाय धुतले, आणि चोर! गावानं टोपलं टोपलं कापूस घातला होता त्यात. संध्याकाळच्या गाडीनं यवतमाळला जायचं, गचांडी धरायची आणि पुंडलिकला सोबत न्यायचं, इतकं सगळं त्यांनी ठरवलं. डोक्याला रुमाल बांधला. तेवढ्यात फोन वाजला. सुरभी होती.

“बाबा, जेवले काय?” ती म्हणाली, आणि उगाचच हसली. किती तरी महिन्यांनी हसली होती ती. “आज त्याईनं मले आपून होऊन विचारलं, पिच्चरले जातं काय म्हून. मोठी आर्डर भेटली त्याईले.” आणि मग, “बाबा, पेटी कशी वाजते?”

डोमाजींच्या मांडीवर उघडी पेटी होती. “बेस वाजते, माय,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. डोमाजींनी डोक्याचा रुमाल सोडला, एकेक स्क्रू पुन्हा पिळला आणि कडी काढली. त्या दुपारी त्यांनी जे झाकलं, ते पुढं त्यांच्या अंगावर चढत गेलं.

कारण नवे सूर हलके होते. पावसाळ्याची ओल लागताच उतरायला लागले, एक इकडे आणि एक तिकडे. पुंडलिकराव गजर उचलायचे आणि मध्येच अडखळायचे. आधी लोक गायकाला हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की गायक तोच, पेटी तीच, खोकं डोळ्यांनी पाहून घेतलेलं, शिवाय नुकतीच दुरुस्त झालेली. मग राहिलं कोण?

“डोमाजीचा हात गेला,” असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते माहीत नाही. डोमाजींच्या कानावर ते आलं तेव्हा गाव ते मानून मोकळं झालेलं होतं. त्यांनी ते नाकारलं नाही. उलट त्याला हातभार लावला. राळेगावातून त्यांनी अंगदुखीच्या बामाची बाटली आणली आणि भजनाला निघण्याआधी दोन्ही हातांना भरपूर चोळायला लागले. चांगल्या धडधाकट बोटांना! डोमाजी देवळात शिरले की आधी बामाचा वास यायचा, लोक चुकचुकायचे आणि पेटी बेसूर बोलली की माफ करायचे. रुखमाबाईंना सगळं खरं वाटलं. त्या मेथीचे लाडू करून घालू लागल्या, निर्गुडीच्या पाल्यानं शेकू लागल्या. आपल्या बायकोकडून न दुखणारे हात शेकून घेताना माणसाला काय वाटत असेल? डोमाजी डोळे मिटून पडून राहत.

तिकडे कपिलचं बरं चाललं, बरं म्हणजे फारच बरं. गाडी आली. जुनी पेटी बदलून नवी चकचकीत पेटी देण्याची योजना त्यानं काढली आणि गावोगावची भजनी मंडळं हसतहसत रांगेत उभी राहिली. सुरभीला मुलगी झाली. फोनवर ती हसायची. प्रत्येक हसण्याबरोबर डोमाजी स्वतःला सांगायचे की आपण केलं ते ठीकच केलं.

परवाच्या उन्हाळ्यात पुन्हा धोंड्याचा महिना आला, ज्येष्ठात. पुन्हा पाट, पुन्हा पाय धुणं. डोमाजींनी वाकून कपिलच्या पायावर पाणी घातलं तेव्हा निम्मं पाटाबाहेर सांडलं आणि रुखमाबाईंना वाटलं, संधिवातच. जेवणानंतर कपिलनं खिशातून फोन काढला. “हे पाहा मामाजी, आपला माल कुठी कुठी वाजून राह्यला.”

एक मोठा हॉल होता. पांढऱ्या कपड्यांतली गोरी माणसं गाद्यांवर बसली होती. मधे एक बाई डोळे मिटून पेटी वाजवत होती, आणि तिच्या कोवळ्या लाकडाच्या नव्या पेटीतून रामरावांच्या पेटीचा भरदार, खालच्या गळ्यातला आवाज येत होता. डोमाजी ऐकत राहिले. बाईचं बोट कोमल निषादावर गेलं. खर्र.

“हे कुठचं?” त्यांनी विचारलं.

“जर्मनी,” कपिल म्हणाला. “तिथल्या लोकाईले हा आवाज फार आवडते.”

बोटीनं आलेलं विमानानं परत गेलं होतं. डोमाजींनी वर पाहिलं, तर सुरभी तांब्या उचलून पाणी आणायला आत जात होती. तांबे दोन्ही भरलेले होते, पण ते त्यांना पुढं आठवलं. त्या वेळी त्यांच्या मनात एवढंच आलं की पोरीला हे कधी कळू नये.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कार्यक्रम होता. कपिलनं मंडळाला नवी कोरी पेटी भेट दिली होती, आणि पेटी नवी म्हणजे वाजवणाराही नवा, असं मंडळानं ठरवलं होतं. पुंडलिकरावांचा पुतण्या अवधूत आता बसणार होता. डोमाजींचा शाल-नारळ देऊन सत्कार. जुनी पेटी आठवण म्हणून त्यांनाच देऊन टाकायची. चांगल्या माणसाला बाजूला सारायचं झालं की आपल्याकडे शाल आणतात. शाल कपिलच्याच हातून घातली गेली.

टाळ्या ओसरल्यावर पुंडलिकराव उठले. ते भाषण करतील असं लोकांना वाटलं. ते डोमाजींसमोर जाऊन बसले.

“डोमा,” ते म्हणाले, “मी तुह्या मांडीले मांडी लावून उभी जिंदगी गायलो. मले एक सांग. तुहा हात गेला, का पेटीत काही झालं? माह्या मनाले पटूनच नाई राह्यलं. खरं काय ते आज सांगून टाक.”

कपिल पंख्याकडे पाहू लागला. बायकांच्या बाजूला सुरभी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सरळ बापाकडे पाहत होती. एक शब्द, फक्त एक शब्द बोलले असते तर जागा परत मिळाली असती. गावानं कपिलला तिथंच उभा सोलला असता. आणि मग ती बॅग, तो एसटीचा हॉर्न, दिवाळी ते पाडवा.

“हातच गेला, गड्या,” डोमाजी म्हणाले. “पेटीले कायले दोष द्यायचा?”

पुंडलिकराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि अवधूतला म्हणाले, “बस बाबू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिल गाडीत सामान भरत होता. रुखमाबाई आत लोणच्याची बरणी बांधत होत्या. सुरभी ओसरीवर आली. जुनी पेटी तिथंच ठेवली होती, वर शालीची घडी. तिनं पेटीला हात लावला नाही.

“बाबा, तुम्ही काल खोटं काहून बोलले?”

“काय खोटं?”

“हाताचं. आईनं मले बामाचं सांगतलं होतं, तवाच मले समजलं.” ती खाली बसली. “त्याईले जर्मन सुराचं मीच सांगतलं होतं, बाबा. मी घरी बसून होती ना, तवा तुमच्या पेटीचा आवाज फोनवर भरून मीच धाडला त्याईले. गिऱ्हाईकाले असाच पाह्यजे म्हने. त्याच्यानंच तं न्यायले आले मले.”

डोमाजींना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. तीन वर्षं चोळलेला बाम, शेकलेले हात, काल भर देवळात गिळलेला तो शब्द, सगळं जिच्यापासून लपवायचं म्हणून केलं, तिनंच ते घडवलं होतं.

“मले विचारलं काहून नाई?” डोमाजी म्हणाले.

“विचारलं असतं तं तुम्ही देले असते?”

हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. लेकीसाठी काय वाट्टेल ते दिलं असतं, असं कुठलाही बाप म्हणेल. पण “गावाची पेटी होती, माय,” ते म्हणाले.

“म्हूनच नाई विचारलं,” सुरभी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं माफी मागितली नाही. बाहेर कपिलनं हॉर्न वाजवला. ती उठली, बापाच्या पाया पडली आणि पोरीला घेऊन गाडीत जाऊन बसली. राग कुणावर धरावा तेच डोमाजींना समजेना. शेवटी तो स्वतःवर धरावा लागला, तिथं नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

डोमाजींनी पेटीतले सूर आणि भाता काढून टाकले; रुखमाबाईंनी ते रिकामं खोकं पुसून कोपऱ्यात ठेवलं आणि पुढं त्यात शेवया भरल्या. झाकण घट्ट बसतं, मुंग्या लागत नाहीत.

पेरण्या झाल्या आणि खालच्या आळीतले म्हातारे खेमसिंग वारले. पहिला निरोप अवधूतच्या घरी गेला. डोमाजींना कळलं ते भजनाच्या आवाजानं. ते ओसरीवर बसून ऐकत होते. नवी पेटी लखलखीत वाजत होती, पुंडलिकराव खोकल्याची वाट न पाहताच गजर उचलत होते.

“जा ना,” रुखमाबाई म्हणाल्या. “नाई गेले तं लोक काय म्हनतील? पेटी नाई तं टाळ घ्या. हळूच वाजवा.”

डोमाजी उठले. फडताळातून बाटली काढली, दोन्ही हातांना बाम चोळला, वास नीट येतो ना ते पाहिलं, आणि टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले.